कबुलीजबाब आणि कोठडी: एका कायदेशीर अविश्वासाचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

१/ नव्याने भरती झालेल्या पोलीस शिपायाला आणि फौजदाराला प्रशिक्षणात पुराव्याच्या कायद्यातील एक नियम शिकवला जातो. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही. आरोपीने ठाण्यात दहा वेळा गुन्हा कबूल केला, त्यावर सही केली, तरी त्या शब्दांना पुरावा म्हणून स्थान नाही.

२/ नियम विलक्षण आहे. राज्यसंस्था ज्याच्या हाती काठी, बेड्या आणि अटकेचा अधिकार देते, त्याच्याच कानांवर विश्वास ठेवण्यास ती नकार देते. इंग्लंडात असा सरसकट मज्जाव नव्हता. कबुली स्वेच्छेने दिली होती का, एवढेच तेथील न्यायालय पाही. मग भारतातच हा अविश्वास का? पोलीस भरतीची वा फौजदारपदाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या आणि इतिहासात रस असणाऱ्या सर्वांसाठी हा थ्रेड. #इतिहास #मराठी

३/ आरंभ पुण्यापासून करू. कोठडीचा प्रश्न इंग्रजांनी जहाजातून आणला, असा समज होऊ नये म्हणून. सवाई माधवरावांच्या काळात घाशीराम सावळदास हा पुण्याचा कोतवाल होता. शहरातील रात्रीची गस्त, चोरांचा तपास, बाहेरून येणाऱ्यांवर नजर ही त्याची कामे. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडणाऱ्याची गाठ त्याच्याच माणसांशी पडे.

४/ ऑगस्ट १७९१. परप्रांतातून आलेल्या ब्राह्मणांचा एक गट कोतवालाच्या माणसांनी पकडला आणि एका अरुंद जागेत कोंडला. सकाळपर्यंत त्यांतील वीसहून अधिक माणसे गुदमरून मृत्यू पावली होती. आजच्या भाषेत सांगायचे, तर हे कोठडीतील मृत्यूंचे प्रकरण होय.

५/ बातमी फुटली, शहर खवळले, जमाव नाना फडणवीसांच्या दारी गेला. अखेर घाशीरामाला लोकांच्या हवाली करण्यात आले आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव घराघरांत पोहोचले. मात्र नाटकाची चर्चा नाना आणि सत्तेभोवती फिरत राहिली. कोंडून मेलेली माणसे त्या चर्चेत मागे पडली.

६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. १७९१ मध्ये शिक्षा झाली, नियम झाला नाही. कोंडलेल्या माणसाची जबाबदारी कोणाची, त्याला किती वेळ ठेवायचे, कोणाला कळवायचे, यांपैकी कशाचीही लेखी मर्यादा त्या सूडातून जन्माला आली नाही. एक कोतवाल गेला, कोतवालीची रीत तशीच राहिली.

७/ आता चौसष्ट वर्षे पुढे आणि दक्षिणेकडे जाऊ. कारण ज्या नियमापासून आपण सुरुवात केली, त्याची मुळे मद्रास इलाख्यात आहेत. तेथे १८१६ पासून तहसीलदाराकडे दोन कामे एकत्र होती: जमीन महसूल वसूल करणे आणि पोलीस चालवणे. जो माणूस सारा मागायला येई, त्याच्याच हाताखाली शिपाई असत. या एका व्यवस्थेत पुढच्या सर्व अनर्थाचे बीज होते.

८/ जुलै १८५४ मध्ये ब्रिटिश संसदेत मद्रासमधील रयतेच्या स्थितीवर चर्चा झाली. महसूल वसुलीसाठी तेथे शारीरिक छळ केला जातो, असा आरोप झाला. कंपनीच्या बाजूच्या सदस्यांनी तो नाकारला. वाद वाढल्यावर चौकशीसाठी एलियट, स्टोक्स आणि नॉर्टन या तिघांचा आयोग नेमण्यात आला. इतिहासात तो ‘टॉर्चर कमिशन’ म्हणजे छळ चौकशी आयोग म्हणून ओळखला जातो.

९/ आयोगाने तक्रारी मागवल्या आणि थोड्याच महिन्यांत १,९५९ तक्रारी आल्या. ५१९ माणसे प्रत्यक्ष हजर झाली, बाकीच्यांनी पत्रे पाठवली. रेल्वे नसलेल्या काळात, पदरचे खर्चून, हातचे शेतीकाम टाकून, शेकडो मैल तुडवून ही माणसे आली होती. आकडा वाचताना या पायपिटीचा विचार करावा.

१०/ एप्रिल १८५५ च्या अहवालात छळाच्या पद्धतींची यादीच आहे. ‘किट्टी’ हे लाकडी साधन; त्यात बोटे दाबून चिरडली जात. ‘अनुंदाल’ म्हणजे माणसाला वाकवून, मान पायांशी बांधून तासन्‌तास तसेच ठेवणे. भर उन्हात उभे करणे, डोळ्यांत मिरची घालणे, झोपू न देणे. बहुसंख्य तक्रारी साऱ्याच्या वसुलीच्या होत्या. गुन्ह्याची कबुली काढण्यासाठी पोलीसही हीच साधने वापरत.

११/ छळ होतो, हे आयोगाने मान्य केले. परंतु दोष कोणावर ठेवला? देशी कनिष्ठ नोकरांवर. युरोपीय अधिकाऱ्यांना या गोष्टींची माहिती वा संमती नव्हती, रयतेची तक्रार गोऱ्या साहेबांविरुद्ध नसून स्वतःच्याच देशबांधवांच्या क्रौर्याविरुद्ध आहे, असा अहवालाचा सूर होता.

१२/ या निष्कर्षात एक सोयीस्कर मौन आहे. साऱ्याचे दर कोणी ठरवले? वसुली कमी पडल्यास तहसीलदाराला जाब कोण विचारी? तुटपुंज्या पगारावर अमर्याद अधिकार कोणी दिले? सप्टेंबर १८५७ मध्ये, उठाव पेटलेला असताना, कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात याच अहवालावर लेख लिहिला आणि ब्रिटिश सत्ता स्वतःला म्हणवते तितकी सौम्य नाही, हे त्याच सत्तेच्या कागदांवरून दाखवून दिले.

१३/ तथापि अहवाल निष्फळ ठरला नाही. महसूल आणि पोलीस वेगळे करण्याचा विचार बळावला. १८५९ मध्ये मद्रासचा स्वतंत्र पोलीस कायदा झाला आणि १८६१ मध्ये भारताचा पोलीस कायदा आला. नव्या दलाचा नमुना लंडनच्या पोलिसांपेक्षा आयर्लंडच्या निमलष्करी दलाच्या जवळचा होता. उठावाची धास्ती ताजी होती; सरकारला आधी हुकूम पाळणारे दल हवे होते, लोकांचा विश्वास ही नंतरची बाब.

१४/ १८६० ची दंडसंहिता पाहा. कलम ३३० हे कबुली काढण्यासाठी दुखापत करण्याचा गुन्हा सांगते. कायद्यातील कलमांखाली उदाहरणे दिलेली असतात. या कलमाचे पहिलेच उदाहरण गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे आहे. दुसरे उदाहरण चोरीचा माल कोठे आहे हे वदवून घेण्यासाठी छळणाऱ्या पोलिसाचे, तिसरे थकबाकीसाठी छळणाऱ्या महसूल अधिकाऱ्याचे. मद्रासमध्ये ज्यांच्याविरुद्ध तक्रारी आल्या, तीच पात्रे येथे कायद्याच्या पानावर उभी आहेत.

१५/ पाठोपाठ १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांसमोरील कबुलीवर बंदी आली. १८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने पुराव्याचा कायदा रचला, तेव्हा ती कलमे तेथे हलवली. हीच ती प्रसिद्ध कलमे २५, २६ आणि २७. पोलिसांसमोरची कबुली बाद. पोलिसांच्या ताब्यात असताना इतर कोणासमोर दिलेली कबुलीही बाद, मात्र दंडाधिकाऱ्यासमोर दिली असेल तर ग्राह्य.

१६/ छळ का होतो, याचे स्टीफनने नोंदवलेले एक कारण फार बोलके आहे. एका अनुभवी अधिकाऱ्याने त्याला सांगितले की यामागे आळस मोठा आहे. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या दुर्दैवी जीवाच्या डोळ्यांत तिखट चोळणे सोपे पडते. क्रौर्यासाठी राक्षस असावे लागत नाही. कामाचा कंटाळा आणि वरून येणारा निकालाचा तगादा पुरतो. नव्या अधिकाऱ्याने मनावर कोरून ठेवावी अशी ही नोंद आहे.

१७/ भिंत बांधली, पण तिला एक खिडकी ठेवली. कलम २७ नुसार, ताब्यातील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू वा तथ्य शोधून निघाले, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला माहितीचा तेवढा भाग ग्राह्य ठरतो. आरोपी सांगतो, पोलीस पंचांसह तेथे जातात, कोयता हस्तगत होतो, पंचनामा होतो. मराठी वर्तमानपत्रे वाचणाऱ्यास हा क्रम परिचित असेल.

१८/ १९४६ मध्ये पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने या खिडकीची चौकट आखून दिली. वस्तू सापडली म्हणून संपूर्ण कबुली आत येणार नाही. ती वस्तू कोठे होती आणि आरोपीला ते ठाऊक होते, एवढेच सिद्ध होईल. अन्यथा पोलिसांची मन वळवण्याची शक्ती प्रत्येक वेळी पुरेशी पडेल आणि बंदी निरर्थक होईल, असा उपरोधही न्यायमूर्तींनी केला. दंडुक्याला ‘मन वळवण्याची शक्ती’ म्हणण्याचा तो खास इंग्रजी नमुना.

१९/ प्रशिक्षणाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने पोलीस दल अकार्यक्षम, अपुरे प्रशिक्षित, भ्रष्ट व जुलमी समजले जाते आणि लोकांचा विश्वास मिळवण्यात ते अपयशी ठरले आहे, असा कठोर निर्वाळा दिला. फौजदारांची थेट भरती आणि प्रशिक्षण शाळा या त्याच्या शिफारशी. आज नाशिकला असलेली महाराष्ट्र पोलीस अकादमी याच काळातली: १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरुवात आणि १९०९ मध्ये नाशिकला स्थलांतर.

२०/ त्याच आयोगाने शिपायाकडे तपासाचे काम नको, यांत्रिक स्वरूपाची कामे पुरेत, असेही सुचवले. म्हणजे ज्याच्यावर विश्वास नाही त्याला शिकवून विश्वासपात्र करण्याऐवजी विचाराच्या कामापासूनच दूर ठेवायचे. १८५५ च्या अहवालातील वर्गदृष्टी येथे पुन्हा भेटते. दोष नेहमी खालच्या पायरीवर शोधला गेला.

२१/ १९५० मध्ये राज्यघटना आली आणि नियमाचा पाया बदलला. अनुच्छेद २०(३): कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही. अनुच्छेद २२: अटकेची कारणे सांगणे, वकिलाची भेट होऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे बंधनकारक. वसाहती कायद्यात जो शिपायावरील अविश्वास होता, तो घटनेत नागरिकाचा हक्क झाला. कागदावर निदान तसे झाले.

२२/ कागद आणि ठाणे यांतील अंतर महाराष्ट्राने फार जवळून पाहिले. मार्च १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाणे. भावाच्या तक्रारीवरून एका आदिवासी मजूर मुलीला रात्री ठाण्यात आणले गेले. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढून तिला थांबवून घेतले. बलात्काराचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले.

२३/ अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती होती, असा ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाचा आशय होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. रात्रीच्या ठाण्यात गणवेशातील माणसासमोर गप्प राहणे म्हणजे होकार कसा, हा त्यांचा प्रश्न होता. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालय ते गृहीत धरील.

२४/ त्याच १९८३ मध्ये आणखी एक महत्त्वाचा निकाल लागला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले: स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, तेथे महिला पोलिसांचा पहारा, स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच. आज हे नियम स्वाभाविक वाटतात. चाळीसेक वर्षांपूर्वी ते नव्हते.

२५/ १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या विधी सहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवले. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला आणि अटकेसाठी अकरा बंधने घातली गेली. नावाची ठळक पट्टी, तारीख-वेळेसह साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, अंगावरील जखमांची नोंद, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाला भेटण्याची मुभा, नियंत्रण कक्षाला कळवणे. यांतील बराचसा भाग पुढे प्रक्रिया संहितेत आला.

२६/ ही अकरा बंधने पुण्याच्या १७९१ च्या त्या रात्रीला लावून पाहा. कोंडलेल्यांची नावे कोठे तरी लिहिली गेली असती, कोणा नातलगाला कळले असते, सकाळपूर्वी कोणी दार उघडून पाहिले असते, तर? गणवेशावरची नावाची पट्टी आणि वेळेची नोंद या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी अशा रात्री माणूस जिवंत ठेवतात.

२७/ आता वाटचालीतले उलटे वळण. दहशतवादविरोधी ‘टाडा’ आणि महाराष्ट्राचा १९९९ चा ‘मकोका’ यांनी १८७२ च्या नियमाला अपवाद केला. ‘मकोका’च्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य असते. शिपायावर विश्वास नाही, अधीक्षकावर आहे! १८५५ च्या आयोगाची पायरीनुसार विश्वास वाटण्याची रीत स्वतंत्र भारताच्या कायद्यात अशी परतली.

२८/ याची किंमत कोण मोजतो? ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बाँबस्फोटांत १८९ माणसे मारली गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले. पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘मकोका’खालील कबुलीजबाब विश्वासार्ह नसल्याचे ठरवून सर्वांना निर्दोष सोडले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने नंतर स्थगिती दिली. अंतिम निर्णय काहीही होवो, एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या कुटुंबीयांच्या हाती निश्चित उत्तर नव्हते.

२९/ ‘आरोपीचे हक्क जपता, पीडितांचे काय?’ हा प्रश्न अशा चर्चेत हमखास येतो. त्याचे उत्तर याच इतिहासात आहे. जबरीने काढलेली कबुली तपास थांबवते. माणूस मिळाला, फाईल पूर्ण झाली, मग खऱ्या धाग्यांचा माग कोण काढणार? न्यायालयात ती कबुली कोसळली की निरपराधाची वर्षे गेलेली असतात आणि अपराधी असलाच तर तोही सुटतो. दोन्ही वेळा पीडिताचे हात रिकामे.

३०/ १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. जुनी कलमे २५, २६, २७ आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये एकत्र आहेत. दंडसंहितेचे कलम ३३० आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये आहे आणि छळ करणारा पोलीस अधिकारी तेथेही पहिल्या उदाहरणात उभा आहे. क्रमांक बदलले, आठवण तीच राहिली. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर मात्र १९९७ मध्ये सही करूनही भारताने अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

३१/ मग नव्या अधिकाऱ्याने या अविश्वासाकडे कसे पाहावे? अपमान म्हणून पाहणे सोपे आहे, आणि वसाहती अहवालांची भाषा वाचली की तो राग समजण्याजोगाही आहे. परंतु घटनेनंतर या नियमाचा अर्थ बदलला आहे. बंद दाराआड एकाच्या हाती सत्ता आणि दुसऱ्याच्या हाती काहीच नसते, तेव्हा चांगला माणूसही घसरू शकतो, हे आपल्या समाजाने अनुभवाने शिकलेले शहाणपण त्यात साठवले आहे. ते शिपायाला लागू आहे आणि अधीक्षकालाही.

३२/ पोलिसांच्या आचारसंहितेत हेच तत्त्व आहे: आपल्या अधिकारांच्या मर्यादा ओळखाव्यात, न्यायाधीशाची जागा घेऊ नये, सूड उगवू नये. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ आहे. त्यात रक्षण आधी येते, निग्रह नंतर. आणि खल कोण, हे ठरवण्याचे काम ठाण्याचे नाही, न्यायालयाचे आहे.

३३/ परीक्षेची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक सूचना. कलमे पाठ करताना प्रत्येकापुढे एक वर्ष आणि एक ठिकाण लिहून ठेवा. कबुलीवरील बंदी: मद्रास, १८५५. ताब्यातील स्त्रीच्या शब्दाला बळ: देसाईगंज, १९७२. महिला कोठडी: मुंबई, १९८३. अटक पंचनामा: बसू यांचे पत्र, १९८६. उद्या रात्रपाळीत वरिष्ठ ‘लवकर वदवून घ्या’ म्हणतील, तेव्हा कलमाचा क्रमांक कदाचित आठवणार नाही. ही ठिकाणे आठवतील.

३४/ थ्रेड येथे संपतो. कोतवाली, पोलीस पाटील किंवा जुन्या ठाण्यांविषयी आपल्या गावात काही कागद वा आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा. व्यक्तींची नावे मात्र टाळा. शंका असतील तर विचारा, जमेल तशी उत्तरे देईन. पोलीस भरतीची तयारी करणारे कोणी ओळखीचे असतील, तर त्यांच्यापर्यंत हा थ्रेड पोहोचवा. 🙏